पहिला डाकोटा: जुन्या प्रवासी विमानाचं स्केल मॉडेल घरी कसं करावं

जुन्या प्रवासी विमानाचं मॉडेल करायचं मनात असेल तर सुरुवात डग्लस डीसी-३ पासून करा. आपल्याकडे ज्याला सगळे डाकोटा म्हणतात तेच हे विमान. दोनच इंजिनं, भाग बेताचे, किट (जोडायच्या सुट्या प्लॅस्टिक भागांचा संच) मिळायला फार शोधाशोध नाही. मागच्या चाकावर शेपूट टेकवून उभं राहणारं विमान असल्यामुळे, मॉडेल मागे कलंडू नये म्हणून नाकात वजन भरावं लागत नाही. आणि मुख्य म्हणजे ते आपलं आहे. १७ डिसेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालेलं हे विमान युद्धकाळात दहा हजारांहून जास्त संख्येने तयार झालं. युद्ध संपल्यावर इथे पडून राहिलेली लष्करी विमानं बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये दुरुस्त होऊन हवाई कंपन्यांकडे गेली. १ ऑगस्ट १९५३ ला आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली, तेव्हा तिच्या ताफ्यात सर्वांत जास्त डाकोटाच होते. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत सगळी परत फिरायची. असं विमान आपल्या हाताने घडवण्यात जो आनंद आहे तो बाजारातून तयार मॉडेल आणून मिळत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. प्रवासी विमानाच्या मॉडेलमध्ये सगळा खेळ पृष्ठभागाचा असतो. लढाऊ विमानावर हिरवे-तपकिरी पट्टे असतात, चिखल असतो, मळ असतो. त्याखाली बऱ्याच उणिवा झाकल्या जातात. इथे वर पांढरं छत आणि खाली चकाकणारा उघडा धातू. जोडावरची केसाएवढी फट, पॉलिश पेपरचा एक ओरखडा, रंगात अडकलेला धुळीचा कण, सगळं लांबून दिसतं. म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधीच्या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यायची तयारी ठेवा.

आधी विमान ठरवा

‘डाकोटा करायचा’ एवढं ठरवून भागत नाही. कोणता डाकोटा? भारतीय नागरी विमानांचा नोंदणी क्रमांक व्हीटी या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो धडावर आणि पंखांवर मोठ्या अक्षरांत असतो. असा एक क्रमांक असलेलं एक विमान निवडा, त्याचा एक चांगला फोटो मिळवा, आणि तो छापून टेबलासमोर चिकटवा. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या फोटोकडे मागायचं.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण असं की डाकोटा एकसारखे नव्हते. बाजारातली बहुतेक किटं लष्करी सी-४७ ची असतात. त्यात डाव्या बाजूला मागे मालासाठी मोठं दुहेरी दार असतं, कॉकपिटच्या मागे छतावर ताऱ्यांचा वेध घेण्यासाठी काचेचा छोटा घुमट असतो, आणि खिडक्यांच्या काचेत मधोमध गोल भोक असतं. लष्करी विमानं नागरी झाली तेव्हा कुठे घुमट काढून वर पत्रा मारला, कुठे ठेवला. मालाच्या दाराची चौकट राहिली पण प्रवाशांसाठी त्यातच लहान दार आलं. पंखांच्या पुढच्या कडेवरच्या बर्फ फोडणाऱ्या काळ्या रबरी पट्ट्या काही विमानांवर होत्या, काहींवर नव्हत्या. फोटो नसेल तर हे सगळं अंदाजाने करावं लागतं, आणि जुनी विमानं पाहिलेल्या माणसाच्या नजरेतून अंदाज सुटत नाही.

चाकं, चाकांचे खळगे, इंजिनाची पुढची बाजू अशा गोष्टी जवळून पाहायच्या असतील तर हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमधल्या ‘परशुराम’चे फोटो शोधा. व्हीपी ९०५ क्रमांकाचा हा डाकोटा २०१८ मध्ये भारतात आला, तो उडता आहे, आणि त्याचे फोटो मुबलक आहेत. रंगसंगती अर्थातच लष्करी, पण लोखंड-पत्र्याचं काम तेच.

आता आकार. डाकोटाच्या पंखांचा विस्तार २८.९६ मीटर आणि लांबी १९.६५ मीटर. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या मापात, पंख ४० सेंटिमीटरच्या थोडे वर जातात आणि लांबी २७ सेंटिमीटरच्या आसपास येते. १/१४४ मध्ये याच्या निम्मं. ठाण्यातल्या वन-बीएचकेमध्ये राहणाऱ्याला १/१४४ चा मोह होणं साहजिक आहे, पण पहिल्या मॉडेलसाठी मी १/७२ च सुचवेन. बोटांत भाग नीट धरता येतात, खिडक्या कापता येतात, आणि आतल्या खुर्च्या करण्यात अर्थ उरतो. एअरफिक्स आणि इटालेरी या दोघांचे या मापातले डाकोटा चांगले आहेत. १/१४४ च हवं असेल तर मिनीक्राफ्टचं किट बघा. परदेशातून मागवताना किमतीत कस्टम्स ड्युटी धरूनच हिशेब करा.

काहींना पहिल्या फटक्यातच कॉन्स्टेलेशन करायचं असतं. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलेलं एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे त्याच जातीचं विमान, आणि त्याची माशासारखी वळणदार पाठ आणि तीन उभी शेपटं पाहिल्यावर हा मोह का होतो ते मी समजू शकतो. पण चार इंजिनं, तीन शेपटं आणि नाकाखालच्या चाकामुळे नाकात भरायचं वजन, हे सगळं दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. तेव्हा त्या वजनाला कोळी बांधव जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या उत्तम. ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला चौकशी केलीत तर मिळतील. शिसं हाताळल्यावर हात मात्र साबणाने धुवा.

सामान

बरंचसं सामान घराजवळच मिळतं. स्टेशनजवळच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो. ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे दोन-दोन कागद घ्या. बारीक नंबर एखाद्याकडे नसले तर गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांना लागणारा माल जिथे मिळतो तिथे नक्की असतात. चिमटा, टोकदार ब्लेडचा कटर, इअरबड, टूथपिक, जुनी नेलफाइल हे घरातलंच. किटमधले भाग प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात, ते कापायला मात्र सपाट तोंडाचा चांगला साइड कटर विकत घ्या. हाताने भाग पिळून तोडला तर प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि तिथे खड्डा राहतो.

चिकटवण्यासाठी तीन वेगवेगळ्या गोष्टी लागतील. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला पातळ सिमेंट, तामियाचं किंवा तसंच दुसरं. ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं. धातूची तार वगैरे बसवायला फेविक्विक. काचेच्या भागांना फेविकॉल. काचेजवळ फेविक्विक चुकूनही नको. त्याची वाफ काचेवर बसते आणि खिडकी दुधासारखी पांढरी होते, ती पुसून जात नाही.

हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर स्वस्त असतं, ब्रश आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) धुवायला ते छान. रंग पातळ करायला ते वापरू नका आणि उघड्या प्लॅस्टिकला तर लावूच नका. किटचं पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. दुकानातला जाड मास्किंग टेपही थेट रंगावर नको, त्याचा चिकटपणा जास्त असतो आणि काढताना खालचा रंग उचलतो. मॉडेलसाठीचा पातळ पिवळा टेप एकदाच घ्या, पुरवून पुरवून वापरा. रुंद भाग झाकायला त्याच्या कडेला वर्तमानपत्र लावलं की झालं.

किट घरी आल्यावर सगळ्या फ्रेम कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून धुवा आणि सावलीत वाळवा. साच्यातून काढताना लावलेलं तेल प्लॅस्टिकवर राहतं आणि त्यावर रंग धरत नाही.

इथली हवा आणि कामाचा क्रम

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीकाठची. जून ते सप्टेंबर हवेत पाणी इतकं असतं की लवकर वाळणारा लॅकर रंग फवारला की पृष्ठभाग धुरकट होतो. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड करतं, हवेतली वाफ तिथे बसते आणि चकचकीत काळा रंग राखाडी दिसायला लागतो. उघड्या धातूचा आभास त्या काळ्या थरावरच उभा असल्यामुळे या एका गोष्टीने सगळं काम फसतं.

म्हणून वर्षाची विभागणी करा. पावसाळ्यात कापणं, घासणं, जोडणं, आतल्या खुर्च्या, पुट्टी. रंग ऑक्टोबरची उन्हं पडल्यावर. पावसाळ्यात रंगवायचंच असेल तर एसी असलेली खोली निवडा, तासभर आधी एसी चालू करून हवा कोरडी होऊ द्या आणि रंगाचे हात पातळ ठेवा. एअरब्रशला कॉम्प्रेसर असेल तर नळीवर पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, कारण दाबलेल्या हवेतलं पाणी थेंबाने मॉडेलवर उडतं. एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा. ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकावरच सुकतो, तेव्हा त्यात वाळणं लांबवणारं रिटार्डर दोन थेंब घाला आणि सकाळी लवकर काम करा.

धुळीबद्दलही आत्ताच सांगून टाकतो. घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांना ती वेगळी सांगायला नको. रंगवायच्या दिवशी फरशी ओल्या फडक्याने पुसा, खिडकी रस्त्याच्या बाजूची असेल तर ती लावून दुसरी उघडा, पंखा बंद, आणि रंगवलेला भाग लगेच मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्याखाली पालथा झाका. डब्याला खाली एक काडी लावून किंचित फट ठेवा, म्हणजे थिनरची वाफ बाहेर जाईल.

लॅकर आणि थिनरची वाफ फुफ्फुसांना वाईट. साधा एन-९५ मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. बाल्कनी स्वयंपाकघराला लागून असेल तर गॅस बंद असताना, आणि देवघरात दिवा तेवत असेल तर तो शांत झाल्यावरच फवारा.

आतलं काम: जे दिसतं तेवढं, पण नीट

लष्करी किटमध्ये भिंतीला लागून लांब बाकं येतात. प्रवासी डाकोटात ती नको. मूळ रचना २१ खुर्च्यांची होती: सात रांगा, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक. पुढे दाटी करून २८ पर्यंत खुर्च्या बसवत, दोन-दोन अशा. फोटोतल्या विमानात किती होत्या ते कळायला सहसा मार्ग नसतो. २१ ची रचना केलीत तर चूक म्हणता येणार नाही.

खुर्च्या प्लॅस्टिक शीटच्या पट्ट्यांमधून करा. खिडकीतून फक्त पाठीचा वरचा भाग दिसतो, त्यामुळे पाय-बिय करण्यात वेळ घालवू नका. पाठीच्या वरच्या कडा घासून गोल करा, खुर्चीला गडद निळा किंवा विटकरी रंग द्या आणि डोकं टेकायच्या जागी पातळ कागदाचा पांढरा तुकडा चिकटवा. तो पांढरा तुकडा खिडकीतून उठून दिसतो आणि विमान एकदम प्रवाशांचं वाटायला लागतं. पडद्यांसाठी टिश्यू पेपरची एक पदर सोडवून घ्या, फेविकॉलच्या पाण्यात बुडवा, ओली असताना टूथपिकने उभ्या चुण्या पाडा, वाळल्यावर हलका रंग द्या आणि खिडकीच्या दोन्ही कडांना आतून लावा. सगळ्या खिडक्यांचे पडदे सारखे उघडे ठेवू नका.

धडाच्या आतल्या बाजूला आधी काळा हात मारा, त्यावर फिका राखाडी किंवा क्रीम. काळ्याशिवाय प्लॅस्टिकमधून उजेड आरपार येतो आणि छताचा पांढरा रंग निर्जीव दिसतो.

खिडक्यांच्या काचा आतून बसवायच्या असतात, म्हणजे धड बंद करण्याआधी. त्या नीट बसतात का ते कोरडं लावून पाहा. चौकटीच्या बाहेर किंचित आल्या असतील तर काचेची कड घासा, चौकट घासू नका. फेविकॉलने बसवा, रात्रभर ठेवा, मग हलक्या बोटाने दाबून बघा. एकही सैल काच धड बंद झाल्यावर आत पडली तर ती काढायला वाट नसते.

जोड

इथे थांबा, वेळ घ्या. सगळ्या मॉडेलचं नशीब या टप्प्यावर ठरतं.

धडाचे दोन अर्धे आधी टेपने बांधून बघा. नाकापासून शेपटापर्यंत बोट फिरवा आणि कुठे एक कड दुसरीपेक्षा वर आहे ते शोधा. आतली खुर्च्यांची फरशी अडत असेल तर ती घासून कमी करा. अर्ध्यांना जोर लावून बंद करू नका, कारण जोराने बंद केलेला जोड महिन्याभरात उघडतो. मग पातळ सिमेंट ब्रशच्या टोकाने जोडाला फक्त टेकवा, ते फटीत आपोआप शिरतं. एका वेळी चार-पाच सेंटिमीटर. काही सेकंदांनी दोन्ही बाजूंनी दाबा, म्हणजे विरघळलेल्या प्लॅस्टिकची बारीक मण्यासारखी कड वर येईल. ती कड म्हणजे जोड भरल्याची खूण. ती पुसू नका. निदान एक दिवस ठेवा, दोन दिवस ठेवलंत तर आणखी बरं.

वाळल्यावर ती कड कटरच्या पात्याने उभी खरवडून काढा, मग ४०० चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून आडवा-उभा घासा, मग ६००, मग १०००. कागद बोटाला गुंडाळला की गोल धडावर सपाट पट्टी पडते, म्हणून कागद स्पंजच्या तुकड्याला गुंडाळा. घासून झाल्यावर जोडावर चंदेरी रंगाचा एक पातळ हात मारा आणि टेबललॅम्प बाजूने, अगदी आडवा, त्यावर धरा. जे डोळ्याला मघाशी गुळगुळीत वाटत होतं त्यात खळगे, ओरखडे, बुडबुडे सगळे उघडे पडतात. खळग्यात पुट्टी, पुन्हा घासणं, पुन्हा चंदेरी. नखाचं टोक जोडावरून आडवं ओढलं आणि कुठेही अडकलं नाही की मगच पुढे जा. घासताना पत्र्याच्या रेघा पुसल्या जातील तिथे सुईचं टोक आणि जाड टेपची कड धरून त्या पुन्हा हलक्या हाताने ओढा.

पंखांची एक खुबी लक्षात ठेवा. डाकोटाच्या पंखाचा मधला भाग सरळ आडवा असतो, इंजिनांच्या पलीकडचे भाग वर उचललेले असतात. पुढची कड मागे झुकते, मागची कड जवळपास सरळ राहते. दोन्ही पंख सारखेच उचलले गेले पाहिजेत. दोन्ही टोकांखाली सारख्या जाडीच्या पुस्तकांची चळत लावा, समोरून डोळा एका पातळीत आणून बघा. मग एक दोरा घ्या: पंखाच्या टोकापासून शेपटाच्या उभ्या पात्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. दोन्ही सारखी आली तर विमान सरळ आहे.

एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर, म्हणजे पंखांच्या आणि शेपटाच्या मागच्या कडेची विमान वळवणारी हलती पाती, यांवर खऱ्या विमानात कापड ताणलेलं असतं, पत्रा नसतो. किटमध्ये तिथे कापडाखालच्या फासळ्यांचे उभे उंचवटे दिसतात. जुन्या किटमध्ये ते फारच ठळक असतील तर १००० च्या कागदाने थोडे बसवा. हे भाग रंगवताना वेगळे ठेवायचे आहेत, पुढे येतंच.

रंग

क्रम असा: राखाडी प्राइमर, तपासणी, पांढरं छत, ते झाकून खाली चकचकीत काळा, त्यावर धातू. बरेच जण धातू आधी आणि पांढरा नंतर करतात. मला ते पटत नाही, कारण धातूच्या रंगावर टेप लावला की त्याची चमक मंदावते किंवा खूण उमटते. धातू शेवटी आला तर त्यावर टेप कमीत कमी बसतो.

काचांवर आधी टेपचे तुकडे कापून चिकटवा. कॉकपिटच्या काचांना वेळ लागेल, लागू द्या. मग प्राइमरचा पातळ हात. वाळल्यावर पुन्हा तोच आडवा दिवा. काही दिसलंच तर आत्ता दुरुस्त करा; पांढऱ्यावर दिसलं तर दुप्पट काम.

त्या काळी छत पांढरं ठेवायचं कारण ऊन परतवून केबिन थंड ठेवणं. विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात बसलेल्या प्रवाशांना त्याचं मोल कळत असणार. मॉडेलवर ट्यूबमधला शुभ्र पांढरा भडक दिसतो, त्यात क्रीमचा एखादा थेंब घाला. पांढरा रंग झाकायला कमजोर असतो, आणि म्हणूनच लोक जाड फवारून त्याचे ओघळ आणतात. चार-पाच अगदी पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये अर्धा तास. पहिल्या दोन हातांनंतर ते ठिपक्याठिपक्यांचं, अर्धवट दिसतं. घाबरू नका, चौथ्या हाताला एकसारखं होतं. पूर्ण वाळायला निदान दोन दिवस द्या, मग २००० च्या कागदाने ओलं घासून पृष्ठभाग काचेसारखा करा.

आता छत झाका. टेपची कड नखाने दाबून बसवा, आणि त्या कडेवर परत एक पातळ पांढरा हात द्या. त्यामुळे टेपखाली शिरायचाच असेल तर पांढराच शिरेल आणि कड धारदार निघेल. मग खालच्या सगळ्या भागावर चकचकीत काळा. या काळ्यात तुमचा चेहरा धूसर तरी दिसला पाहिजे. तो खरखरीत असेल तर वरचा धातू राखाडी दिसेल, कितीही महाग रंग आणा. म्हणूनच जोडावर इतका वेळ घालवला.

काळा नीट वाळल्यावर धातूचा रंग एअरब्रशने, कमी दाबावर, जवळून आणि अतिशय पातळ. अल्क्लॅड किंवा त्याच जातीचे धातूरंग मिळतात, पातळ हातांनी हळूहळू चमक चढते आणि एका क्षणी प्लॅस्टिक दिसेनासं होऊन पत्रा दिसायला लागतो. तो क्षण पाहण्यासारखा असतो. एअरब्रश नसेल तर स्प्रे कॅननेही चालेल, काळ्यावर चंदेरीचे धुक्यासारखे हात. ब्रशने धातू रंगवू नका, रेघा राहतात. गाड्यांचा टचअप स्प्रे वापरणार असाल तर आधी उरलेल्या फ्रेमच्या तुकड्यावर प्राइमर लावून, मग फवारून बघा.

खऱ्या विमानाचा पत्रा सगळीकडे सारखा नसतो. चार-सहा तुकडे निवडा, त्यांच्याभोवती टेप लावून धातूत किंचित काळा मिसळून एक हात द्या. टेप आधी हाताच्या पंजावर दोनदा लावून त्याचा चिकटपणा कमी करा. फरक अगदी पुसट असू द्या. एलेरॉन, रडर आणि एलिव्हेटरना मात्र चमक नको. कापडावर चंदेरी डोप (कापड ताठ करणारा लेप) दिलेला असतो, तो मंद, सपाट दिसतो. चमकत्या पंखाशेजारी मंद एलेरॉन ठेवला की जाणकार थांबून बघतो. धातूवर वार्निश देऊ नका, त्याने चमक मरते.

पट्टा आणि अक्षरं

किटमध्ये भारतीय खुणा क्वचितच येतात. तयार डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या छापील खुणा, शोधा, नाहीतर घरी छापा. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या डेकल कागदावर आजूबाजूचा रंग छापून अक्षरं कोरी ठेवावी लागतात. काळ्या व्हीटी अक्षरांना पारदर्शक कागद पुरतो. इंकजेटने छापलं तर पाण्यात घालण्याआधी त्यावर ॲक्रिलिक क्लिअरचे दोन-तीन पातळ हात द्या, नाहीतर शाई विरघळून जाईल. लेझरला हे फारसं लागत नाही.

किटमधली जुनी डेकल पिवळी पडली असतील तर पत्रक खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो.

खिडक्यांच्या रांगेतून जाणारा रंगीत पट्टा हे त्या काळच्या विमानांचं रूप. तो वाकडा बसला तर सगळं वाकडं दिसतं. आधी मधला भाग, पंखाच्या वर, तिथून पुढे आणि मागे. एक सरळ टेप त्याच्या खालच्या कडेला मार्ग म्हणून लावून ठेवा. पाण्यावर सरकवून जागेवर आणा, इअरबडने मधून बाहेरच्या दिशेने पाणी काढा, मग डेकल मऊ करणारं द्रव लावा आणि हात लावू नका. ते आधी सुरकुततं, मग पृष्ठभागाला बिलगतं. वाळल्यावर नव्या पात्याने खिडक्यांवरचा भाग कापून काढा. डेकल नेहमी चकचकीत पृष्ठभागावरच लावा. खरखरीत पृष्ठभागावर त्याखाली हवा राहते आणि चंदेरी डाग दिसतात.

शेवटचे बारकावे

प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनात सातच्या दोन ओळी, अशी चौदा सिलिंडरं. किटमधलं इंजिन गडद राखाडी करून वर कोरड्या ब्रशने चंदेरी घासा. पुढचा गोल भाग फिका राखाडी. जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची एकेक तार कापून इंजिनासमोरच्या वायरी करता येतात. तीच तार नाकाखालच्या दोन पिटो नळ्यांसाठी (विमानाचा वेग मोजणाऱ्या नळ्या). चाकांचा जमिनीला टेकणारा भाग किंचित सपाट घासा, म्हणजे विमानाचं वजन दिसतं. अँटेनाच्या तारेसाठी फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ओढला की केसासारखा धागा निघतो.

मळ घालताना हात आखडता घ्या. ही विमानं प्रवासी घेऊन जायची, रोज पुसली जायची. इंजिनाच्या खालच्या अंगाला धुराच्या नळीमागे तपकिरी-काळी पुसट रेघ, इंजिनाच्या झाकणाखाली तेलाचे एक-दोन ओघळ, चाकांवर थोडी धूळ, एवढं पुरे.

काचांवरचे टेप अगदी शेवटी, कोपऱ्यातून, हळूच काढा. कडेला रंग चढला असेल तर टूथपिकच्या टोकाने सुटतो, पातं लावू नका.

मॉडेल उघड्या शेल्फवर ठेवलंत तर दोन महिन्यांत छतावर धूळ बसेल आणि पुसताना अँटेना तुटेल. नंबर प्लेट आणि साइनबोर्ड करणारे ॲक्रिलिकची शीट मापाने कापून देतात. पंखांच्या टोकांपासून तीन सेंटिमीटर आणि शेपटाच्या वर दोन सेंटिमीटर जागा धरून पेटी करून घ्या. मागच्या बाजूला खाली पाच मिलिमीटरचं एक भोक पाडायला सांगा, कारण रंगाची वाफ पुढचे काही आठवडे निघत राहते. पेटी पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका, दुपारच्या उन्हात पांढरा रंग पिवळा पडतो आणि पंख वाकतात. पावसाळ्यात आत सिलिका जेलची एक पुडी ठेवा आणि ती ओली झाली की बदला.